पोर हायस्कुलात गेलं, आता घरानं काय करायचं?

जून उजाडतो, पहिला पाऊस पडतो, आणि आमच्या ओटीवर माणसांची ये-जा सुरू होते. आम्ही नोकरीतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षे झाली. पण गावाच्या लेखी हेडमास्तर तो हेडमास्तरच. कोणी दाखल्याचे विचारायला येतो, कोणी अर्ज भरून घ्यायला येतो.

दोन वर्षांमागच्या जूनमध्ये अशाच एक बाई आल्या. संध्याकाळच्या साक्षरता वर्गाला त्या नेमाने येत. सही करायला शिकल्या होत्या, एस.टी.ची पाटी वाचू लागल्या होत्या. त्यांची थोरली मुलगी गावची सातवी पास होऊन तालुक्याच्या हायस्कुलात आठवीला गेली होती.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी आता इंग्रजी वाचते, ते बीजगणित का काय ते करते. मला आत्ता कुठं जोडाक्षरं यायला लागली. मी तिचा अभ्यास काय घेणार? आणि तिचा बाप म्हणतो, एकदा का नापास झाली, की शाळा बंद. मग पुढं काय होतंय ते तुम्हांला ठाऊकच आहे."

आम्हांला ठाऊक होते. आमच्या भागात मुलीची शाळा सुटली की वर्षा-दोन वर्षांत पाहुणे बघायला येतात. मुलीचे वय अठरा पुरे झाल्याशिवाय लग्न करणे हा गुन्हा आहे. पण शाळा सुटलेल्या मुलीचे वय कोणी मोजत बसत नाही.

तर त्या बाईंना आम्ही जे सांगितले, तेच आज या पानांत सांगतो. मुलगा असो, मुलगी असो, सांगणे एकच.

पहिले हे, की अभ्यास घेणे वेगळे आणि अभ्यासाची सवय लावणे वेगळे. अभ्यास घेणे हे मास्तरांचे काम. सवय लावणे हे घराचे काम. त्याला बीजगणित यावे लागत नाही. शेतकऱ्याला पाऊस पाडता येत नाही. पण बांध घालता येतो की नाही? तसेच हे.

आता हायस्कुलात गेल्यावर पोरे एकदम का गांगरतात ते पाहू. प्राथमिक शाळेत एका वर्गाला बहुधा एकच गुरुजी. सकाळी गणित तेच घेतात, दुपारी कविताही तेच म्हणवून घेतात. पोर उपाशी आलंय, पोराला ताप आहे, हे त्यांना तोंडाकडे बघून कळते. काल काय लिहून आणायला सांगितले, तेही त्यांच्या ध्यानात असते. हायस्कुलात घंटा झाली की मास्तर बदलतो. मराठीच्या बाई वेगळ्या, गणिताचे सर वेगळे, विज्ञानाचे वेगळे. प्रत्येक जण आपला तास घेतो, आपला गृहपाठ सांगतो आणि जातो. गणिताच्या सरांनी सहा उदाहरणे दिली, त्याच दिवशी इतिहासाच्या सरांनी चार उत्तरे दिली, इंग्रजीच्या बाईंनी एक पत्र दिले. एकाने काय दिले त्याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. यात दोष कोणाचा नाही, रीतच तशी आहे. पण तेरा वर्षांचे पोर हे सगळे डोक्यात ठेवून घरी यायला निघते, आणि घरी पोचेपर्यंत त्यातले निम्मे वाटेत सांडते.

म्हणून एक छोटी वही करायची. खिशात मावेल एवढी. आम्ही तिला कामाची वही म्हणतो. सरांनी गृहपाठ सांगितला, की वर्गातल्या वर्गात त्या वहीत लिहायचा. आजची तारीख, विषय, काय करायचे, आणि कोणत्या दिवशी दाखवायचे. नंतर लिहीन, मैत्रिणीला विचारीन, हे चालायचे नाही. घंटा व्हायच्या आत लिहिले पाहिजे.

संध्याकाळी आईने किंवा बापाने ती वही मागायची. तुम्हांला तारीख वाचता येते, विषयाचे नाव वाचता येते. तेवढे पुरे. "विज्ञान, पाच प्रश्न, बुधवारी दाखवायचे" अशी ओळ दिसली, की विचारायचे, झाले का? दाखव बरं. पाच उत्तरे लिहिलेली दिसली, की त्या ओळीपुढे आपल्या हाताने बरोबरची खूण करायची. उत्तर बरोबर की चूक, ते मास्तर पाहतील. झाले की नाही, एवढेच आपण पाहायचे. हे काम पाच मिनिटांचे आहे. पण ते रोज झाले पाहिजे. आठवड्यातून एकदा रागावून दप्तर उपसण्यापेक्षा रोजची ही पाच मिनिटे पुष्कळ मोलाची.

आता जागेचे आणि वेळेचे. इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आम्ही तरुणपणी सातवीचा वर्ग घेत होतो. वर्गात एक मुलगा होता. डोक्याने बरा, पण गृहपाठ कधीच केलेला नसे. आम्ही आधी समजावले, मग अंगठे धरून उभे केले, मग छडी चालवली. तो रडत नसे, काही बोलतही नसे. आम्हांला वाटले, पोर निगरगट्ट आहे. दिवाळीनंतर तो शाळेत यायचा बंद झाला. एक दिवस आम्ही त्याच्या वस्तीवर गेलो. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. घरात म्हातारी आजी आणि दोन धाकटी भावंडे. सांजच्याला पाणी तो भरी, चूल तो पेटवी, भावंडांना जेवू घालून झोपवी. तेवढ्यात रात्र होई. घरात वीज नव्हती. रॉकेल असले तर चिमणी, नाही तर अंधार. तो गृहपाठ कधी करणार होता? आणि आम्ही वर्षभर त्याला एकदाही विचारले नव्हते, की बाबा, तू संध्याकाळी काय करतोस?

तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. आज तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. रस्त्यात भेटला की ट्रॅक्टर थांबवून "नमस्कार गुरुजी" म्हणतो. आम्हांला त्याच्या डोळ्याला डोळा देववत नाही. शाळेत मुलांना मारणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद झाले, ते योग्यच झाले. छडीने आमचा राग शांत होई. त्या पोराच्या घरात उजेड काही पडला नाही.

तेव्हा पोराला आळशी म्हणण्याआधी त्याच्या संध्याकाळचा हिशेब मांडा. शाळा सुटली किती वाजता? एस.टी. आली किती वाजता? घरी आल्यावर त्याला कोणती कामे सांगता? मुलगी असेल तर हा हिशेब जास्तच नीट मांडा. मुलगा घरी आला की खेळायला जातो, आणि मुलगी भांड्यांना बसते, असे पुष्कळ घरी चालते. काम करू देऊ नका असे आम्ही म्हणत नाही. घरचे काम पोरांनी करावे. पण दिवसातला दीड-दोन तासांचा एक तुकडा असा राखून ठेवा, की त्या वेळात तिला कोणी हाक मारणार नाही. म्हशीला वैरण नाही, धाकट्याला सांभाळणे नाही, दुकानातून साखर आणणे नाही. आणि तो तुकडा रोज त्याच वेळी. वेळ ठरलेली असली की मन आपोआप तिकडे वळते. जेवायच्या वेळेला भूक लागते ना, तसे.

जागा मोठी लागत नाही. टेबल-खुर्ची असेल तर छान, नसेल तर एक पाट आणि एक गोणपाट पुरे. भिंतीकडे तोंड करून बसावे म्हणजे येणारे-जाणारे दिसत नाहीत. दिवा डाव्या बाजूला असावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्याला उजव्या बाजूला. वही, पेन, पाण्याचा तांब्या घेऊनच बसावे. दर दहा मिनिटांनी काही तरी आणायला उठले, की ध्यान मोडते. अर्धा-पाऊण तास मन लावून बसावे, मग पाच-दहा मिनिटे अंगणात फिरून यावे. जो विषय नकोसा वाटतो तो आधी घ्यावा. आवडीचा विषय दमल्यावरही होतो.

"आमच्या घरात एकच खोली, गुरुजी," असे कोणी म्हणेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत होते तेव्हा त्यांचे सारे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. त्यांचे चरित्रकार सांगतात, की वडील रामजी त्यांना संध्याकाळी लवकर झोपवीत, आणि रात्री दोनच्या सुमारास उठवीत. सारी चाळ निजलेली असे, गडबड नसे, तेव्हा ते दिव्याजवळ वाचायला बसत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. आपण यातून काय घ्यायचे? रात्री दोनला उठवा, असे आम्ही म्हणत नाही. खोली एकच होती, म्हणून बापाने वेळ शोधून काढली, हे घ्यायचे. तुमच्या घरात कोणती वेळ शांत असते? कोणाकडे पहाटे पाचची, कोणाकडे संध्याकाळी सातची. ती शोधा. मात्र पहाटे उठवायचे असेल तर रात्री लवकर निजवलेच पाहिजे. या वयाच्या मुलांना आठ तासांहून कमी झोप पुरत नाही. झोप तोडून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी वर्गातल्या डुलक्यांत जातो.

आणि टी.व्ही., मोबाइल? सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथल्या लोकांनी २०२२ साली एक रीत घातली. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजे. भोंगा वाजला की घराघरांतले टी.व्ही. आणि मोबाइल दीड तास बंद, आणि पोरे अभ्यासाला. ही बातमी देशभर छापून आली. यातली खरी गोष्ट अशी, की बंद सगळ्यांचे. पोराला "अभ्यास कर" म्हणायचे, आणि आपण शेजारी बसून मालिका बघायची, किंवा मोबाइलवर बोट फिरवत हसायचे, हे पोराला दिसते. तुमच्या गावात भोंगा नसेल, पण घरात घड्याळ आहे. त्या वेळात आपला फोनही फडताळावर ठेवा. आणि हे वाचनाचे पुस्तक घेऊन तुम्हीही पोराजवळ बसा. दोघांचा अभ्यास एका दिव्यावर होईल.

आता मुख्य गोष्ट. पोर दोन तास बसले, पण बसून काय केले?

पुष्कळ बाप आम्हांला म्हणतात, "गुरुजी, पोरगं तासन्‌तास पुस्तक घेऊन बसतं, पण परीक्षेत काय आठवत नाही." हे खोटे नसते. पोर खरेच बसलेले असते. ते धडा वाचते, पुन्हा वाचते, तिसऱ्यांदा वाचते. तिसऱ्या वेळेला सगळे ओळखीचे वाटते, आणि त्याला वाटते, की आले आपल्याला. इथेच फसगत आहे. बाजारात चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, असे आपले होते की नाही? ओळखीचे वाटणे वेगळे, आठवणे वेगळे. परीक्षेत पुस्तक समोर नसते, तिथे आठवावेच लागते. मग घरी आठवण्याचा सराव नको का?

याची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतलेली आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काही मुलांनी तो चार बैठकी नुसता वाचला. काहींनी एक बैठक वाचला, आणि पुढच्या तीन बैठकी न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. त्यांना शंभरातले ८३ आठवत होते, दुसऱ्यांना ७१. पण एका आठवड्याने विचारले, तेव्हा उलटे झाले. नुसते वाचणाऱ्यांना ४० आठवले, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत पुढेच आहे. आठवड्यानंतर किती आठवेल, असे मुलांना आधी विचारले होते. तेव्हा जास्त खात्री नुसते वाचणाऱ्यांनाच वाटत होती.

हे आमच्या वाचनात आले तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला. नोकरीभर आम्ही मुलांना "हे उत्तर दहा वेळा लिहून आणा" म्हणत आलो. मुले दहा वेळा लिहून आणीत. सातव्या वेळेला हात चाले, डोके दुसरीकडे असे. कोणी कोणी तर आधी सगळ्या ओळींचा पहिला शब्द दहादा लिहीत, मग दुसरा शब्द दहादा. वही भरे, डोके रिकामे राही. त्याऐवजी एकदा वाचून, पुस्तक मिटून, दोनदा आठवून लिहा म्हटले असते, तर मुलांचा वेळही वाचता आणि कागदही.

तर आता आईचे काम काय, ते ऐका. पोराने धडा वाचला, की म्हणायचे, "पुस्तक मिटव, आणि मला सांग यात काय आहे." बस्स. तुम्हांला तो धडा येत नाही, हे इथे चांगलेच आहे. ज्याला येत नाही त्याला समजावून सांगताना पोराचे स्वतःचे समजणे तपासले जाते.

त्या बाईंच्या घरी हे कसे झाले, ते आम्ही एकदा पाहिले. मुलीने विज्ञानातला दाबाचा धडा वाचला होता. आई चुलीपुढे होती.

आई म्हणाली, "सांग."

मुलगी घडाघडा बोलली, "एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने प्रयुक्त असलेल्या बलास दाब म्हणतात."

आई म्हणाली, "म्हंजे काय?"

मुलगी गप्प. शब्द पाठ होते, अर्थ नव्हता. तिने पुस्तक पुन्हा उघडले, दोन मिनिटे पाहिले, मिटले. मग म्हणाली, "म्हणजे असं बघ आई. जोर तेवढाच, पण जागा कमी असली की दाब जास्त. जागा मोठी असली की दाब कमी."

आई थोडा वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "म्हणून धार लावलेला विळा चटकन कापतो व्हय? आणि बोथट विळ्यानं तेवढ्याच जोरानं कापत नाही?"

"हो, हो! आणि डोक्यावर घागर घेतेस तेव्हा चुंबळ ठेवतेस ना, ती पण तशीच. घागरीचं वजन तेवढंच, पण चुंबळीनं ते जास्त जागेवर पसरतं, म्हणून टोचत नाही."

त्या धड्यावरचे उत्तर ती मुलगी आता विसरणार नाही. आणि शिकवले कोणी? ज्या बाईला धडा वाचता येत नव्हता, तिने. तिने फक्त दोन शब्द विचारले, "म्हंजे काय?" हे दोन शब्द तुम्ही पाठ करा. इतिहासाला चालतात, भूगोलाला चालतात, नागरिकशास्त्राला तर फारच चालतात.

एकदा आठवले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. जर्मनीत एबिंगहाउस नावाचे एक पंडित होऊन गेले. त्यांनी निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या स्वतःच पाठ केल्या, आणि किती वेळाने किती विसरते ते स्वतःवरच मोजले. १८८५ साली त्यांनी ते पुस्तकात छापले. पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून अधिक हातचे गेले होते, पुढे गळती मंद झाली. धडे काही निरर्थक नसतात, त्यामुळे ते इतक्या झपाट्याने जात नाहीत. पण चाल तीच, आधी भराभर, मग हळूहळू. म्हणून आज वर्गात झालेला धडा आज संध्याकाळी एकदा आठवावा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, येत्या रविवारी पुन्हा, मग महिन्याने. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे पुरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री चार तास रेटण्यापेक्षा हे सुटे सुटे आठवणे कमी श्रमात जास्त टिकते. सारवण एकदाच जाड लावून चालत नाही, आठवड्याच्या आठवड्याला पातळ हात फिरवावा लागतो. तसेच हे आहे.

गणिताचे मात्र थोडे निराळे आहे. गणित वाचून येत नाही, ते हाताने करावे लागते. फळ्यावर सरांनी सोडवलेले उदाहरण सोपे दिसते. घरी ते झाकून स्वतः सोडवायला गेले, की खरी गाठ कुठे आहे ते कळते. तिथेच अडू द्यावे. दहा मिनिटे अडून बसणे हाही अभ्यासच आहे. लगेच गाइड उघडले, की ती दहा मिनिटे वाया गेली. गाइडातून उतरवलेला गृहपाठ, मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेला गृहपाठ, यांत काही अर्थ नाही. आता तर फोनला प्रश्नाचा फोटो दाखवला, की उत्तर पायरी-पायरीने येते. आम्ही स्वतः पाहिले आहे. उत्तर ताडून पाहायला त्याचा उपयोग करावा. आधीच उत्तर उतरवले, तर गृहपाठ फोनचा झाला, पोराचा नाही.

आणखी एक. पुस्तकात सरावसंच असतात. एका संचात सगळी उदाहरणे एकाच रीतीची असतात, म्हणून पोराला विचार करावा लागत नाही, रीत आयतीच मिळते. परीक्षेत रीत आपण ओळखावी लागते. म्हणून पुढे 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' दिलेला असतो, त्यात सगळी सरमिसळ असते. पुष्कळ मुले तो सोडून देतात. तो सोडू नये. रविवारी जुन्या चार धड्यांतले एकेक उदाहरण मिसळून सोडवावे.

गणितात बापाचाही उपयोग होतो बरं का. आठवीला चक्रवाढ व्याज असते. आपल्याकडे निरक्षर माणसालाही शेकड्याचा हिशेब तोंडी येतो. शेकडा तीनने पाच हजार घेतले, तर महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे. शेकडा तीन म्हणजे दरसाल छत्तीस टक्के, हे पोराला पुस्तकाशी जुळवून दाखवायला सांगा. मग विचारा, पहिल्या वर्षी व्याज दिलेच नाही आणि ते मुदलात धरले, तर दुसऱ्या वर्षी किती? मुदल सहा हजार आठशे झाले, त्यावर व्याज दोन हजार चारशे अठ्ठेचाळीस. अठराशेचे चोवीसशे अठ्ठेचाळीस कसे झाले, हे पोर बापाला समजावून सांगेल, तेव्हा दोघांच्याही कामाचे शिक्षण झाले. त्या मुलीच्या बापाला हा हिशेब ऐकून राग आला होता. मुलीचा नव्हे, सावकाराचा.

इंग्रजीचे थोडक्यात सांगतो. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, आणि पाच नवे शब्द घ्यावेत. शब्द एका बाजूला, अर्थ दुसऱ्या बाजूला, आणि अर्थ झाकून आठवावे. रोज पाच म्हणजे वर्षाला किती ते तुम्हीच मोजा.

शिकवणीचे विचाराल, तर ऐपत असेल आणि पोराला एखादा विषय अडतच असेल, तर लावा. पण शाळा, मग शिकवणी, मग रात्री जेवण आणि झोप, असे झाले, तर पोराने स्वतः आठवायचे कधी? वैद्याकडे गेले म्हणून पथ्य सुटत नाही.

आता नापास होण्याच्या भीतीचे. आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही, ही समजूत आता जुनी झाली. शिक्षणहक्काच्या कायद्यात २०१९ साली बदल झाला, आणि महाराष्ट्रात २०२३ साली पाचवीला व आठवीला वार्षिक परीक्षेचा नियम पुन्हा आला. पण पहिल्या खेपेला कमी पडले, तर पुन्हा परीक्षेची संधी असते. दहावीला विषयात शंभरापैकी ३५ गुण पासाला लागतात, आणि एखाद्या विषयात राहिले तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. गणितात ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात, उरलेले २० गुण शाळा देते, आणि त्या २० मध्ये गृहपाठाचाही वाटा असतो. म्हणजे कामाच्या वहीतल्या त्या खुणा थेट निकालात जातात. तेव्हा एका परीक्षेवरून शाळा बंद करणे म्हणजे एक पाऊस हुकला म्हणून शेत विकणे.

हे सगळे आम्ही त्या मुलीच्या बापालाही सांगितले. तो एकदम पटला असे नाही. आठवीच्या पहिल्या घटक चाचणीत मुलीला गणितात २० पैकी ५ पडले, तेव्हा तो पुस्तके बांधूनच आमच्या ओटीवर आला होता. आम्ही त्याला म्हटले, सहामाहीपर्यंत थांब. ती पाच गुणांची उत्तरपत्रिका आम्ही मुलीपुढे ठेवली, आणि प्रत्येक चूक कशाने झाली ते तिच्याकडूनच लिहून घेतले. तीन ठिकाणी रीत येत नव्हती. बाकी सगळीकडे रीत येत होती, वजा चिन्ह चुकले होते. वजा चिन्हासाठी एवढे रामायण! एकोणीस दिवस ती रोज पाच उदाहरणे फक्त चिन्हांची करीत होती. आई खुणा करीत होती. सहामाहीला तिला गणितात पासापुरते गुण मिळाले, तीन जास्त. बाप काही बोलला नाही, पण पुस्तके पुन्हा बांधली नाहीत.

ती यंदा दहावीत आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होईल. गणिताचे आम्हांला अजूनही थोडे भय वाटते, भूमितीत ती अडते.

परवा बाई कामाची वही घेऊन आल्या होत्या. ही चौथी वही. आता खुणेबरोबर त्या विषयाचे नावही स्वतः लिहितात. एका पानावर त्यांनी 'गनीत' लिहिले होते. मुलीने ते तांबड्या पेनाने खोडून वर 'गणित' लिहिले होते, आणि समासात लिहिले होते, "आई, पाच वेळा आठवून लिहून दाखव." खाली बाईंच्या हातचे पाच वेळा 'गणित' होते. पाचही बरोबर.